चियो म्हणायची भीती

किन्मोकुसेईचं झाड आधी दिसत नाही, आधी त्याचा वास येतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एखाद्या सकाळी खिडकी उघडावी आणि जर्दाळू साखरेत उकळत ठेवल्यासारखा दाट, गोड वास घरात शिरावा. मग खाली बघावं, तर कुंपणाच्या एरवी बावळट दिसणाऱ्या झुडपात बारीक नारिंगी फुलं गच्च भरलेली. तोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या या इमारतींमध्ये त्या आठवड्यात सगळे खूश असतात. बायका सायकली थांबवून नाक वर करतात. कचरा टाकायला आलेले आजोबा मला उगाच थांबवून सांगतात, "आला बरं का, यंदाही." मीही मान हलवून हसते, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर घामेजलेले तळहात जीन्सला पुसते.

भित्री बाई आहे मी, आधीच सांगून टाकते. पालीला भिते, भूकंपाला भिते, फोनवर जपानीत बोलायला तर अजूनही भिते. पण या वासाची भीती निराळी आहे. तो आला की आठ वर्षांपूर्वीची मी माझ्या आत दचकून उठते आणि म्हणते, पोर श्वास घेतेय का बघून ये. आणि मी खरंच जाते हो! आठ वर्षांची दांडगी मुलगी सोफ्यावर पाय वर करून पुस्तक वाचत असते आणि मी तिच्या बरगड्यांकडे बघत उभी राहते. ती वैतागून "काय?" म्हणते. "काही नाही, खाऊ हवाय का?" असं काहीतरी बोलून मी सटकते.

यंदा वास आला त्याच आठवड्यात लेकीने शाळेतून एक कागद आणला. दुसरीत आहे ती. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्या नावाची गोष्ट'. नावाचा अर्थ काय, कुणी ठेवलं, का ठेवलं, हे घरी विचारून लिहायचं आणि शनिवारी पालकांसमोर वाचायचं. खाली आणखी एक ओळ होती, ती तिने बोट ठेवून वाचून दाखवली. वर्गात मागे उभ्या असलेल्या आईने किंवा बाबांनी मुलाला नावाने मोठ्याने हाक मारायची. मुलाने 'हाय्', म्हणजे हजर, म्हणून पुढे जायचं.

"बाबा शनिवारी नागोयाला आहेत," ती म्हणाली. "म्हणजे तू मारायचीस."

"मारेन की. त्यात काय!"

ही पोरगी एरवी मराठीत ऐकते आणि जपानीत उत्तर देते. त्या दिवशी मात्र मुद्दाम मराठीत म्हणाली, "पण तू मला कधीच चियो म्हणत नाहीस."

खरं होतं ते. पिल्लू म्हणते, सोन्या म्हणते, चिमणे म्हणते, चिडले की 'ए बये' म्हणते. बागेत लांब गेली तर टाळ्या वाजवते. तिला इतकी वर्षं वाटत होतं, भारतातल्या आया असंच करतात. मी हसले, म्हटलं, अगं लाडाची नावं असतात. आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. ती पुढचं विचारेल या भीतीने बराच वेळ एकच पातेलं घासत राहिले.

त्या ऑक्टोबरात ती जवळजवळ तीन महिने आधी जन्माला आली. सव्वा किलोसुद्धा नव्हती. काचेच्या पेटीत नळ्यांच्या गुंत्यात निजलेली, कातडी इतकी पातळ की आतलं सगळं चाललेलं दिसावं. पेटीवर पट्टी होती, 'पाटणकर बेबी'. रोज दुपारी मी दूध घेऊन जायचे, हात तीनतीनदा धुवायचे, आणि पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून बसायचे. आत डेटॉल नव्हे, पण तसलाच काहीतरी वास. बाहेर पडलं की हा किन्मोकुसेई. मला तेव्हा बाहेरच्या वासाचा राग यायचा. जगाला काय एवढं गोड लागलंय, असं वाटायचं.

तिथल्या नर्स फार मऊ बोलायच्या. त्यातली एक रोज विचारायची, "नाव ठरलं का?" तिला बिचारीला पेटीवर नावाची चिठ्ठी लावायची होती, बाजूला ससा काढून. माझ्या मनात मात्र भलतंच यायचं. ही का विचारतेय? डॉक्टर काही म्हणाले का? कुठल्या कागदावर नाव लागणार आहे हिला? मी म्हणायचे, "अजून नाही," आणि सशाच्या चिठ्ठीकडे बघायचं टाळायचे.

माझ्या आईला माझ्याआधी एक मुलगा झाला होता. तो पोटात असतानाच हौसेने नाव ठरलं, चांदीच्या वाटीवर कोरूनही आणलं. आठव्या दिवशी तो गेला. माझं नाव मी तीन महिन्यांची होईपर्यंत ठेवलं नव्हतं, बारसं वगैरे सगळं लांबवलं. आता आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर एकच घोकत होती. "बाळ घरी येईपर्यंत नाव ठेवायचं नाही. मृणाल, माझं एवढं ऐक. नाव घेतलं की त्याला पत्ता सापडतो गं." 'त्याला' म्हणजे कुणाला, हे ती बोलत नव्हती. मी विचारत नव्हते.

आणि इकडे निखिल, माझा नवरा, कॅलेंडर धरून बसलेला. जपानात चौदा दिवसांत जन्माची नोंद वॉर्ड ऑफिसात करावी लागते. त्या कागदावर पुढचं सगळं अवलंबून, तिचा विमा, तिचा व्हिसा, तिचं इथं असणं.

"नाव ठरलं नाही असं लिहूनही देता येतं ना?" मी म्हटलं.

"देता येतं. पण का द्यायचं? आपली मुलगी आहे ती, मृणाल. तिला नावसुद्धा नको?"

"आधी घरी येऊ दे."

"आणि नाही आली तर?"

हे तो बोलून गेला. मग तो बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तोही तितकाच भ्यालेला होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण आपल्याच भीतीत माणूस इतकं गुरफटलेलं असतं की शेजारच्याची दिसत नाही.

अकराव्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलातून आले आणि इमारतीखालच्या बाकावर बसून रडायला लागले. तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या, ऐंशी ओलांडलेल्या. कचरा चुकीच्या पिशवीत टाकला की मला रागावणाऱ्या, एवढीच आमची ओळख. त्या आल्या, शेजारी बसल्या. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी सगळं सांगितलं. नावाचंही. मला वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "माझं नाव माहीत आहे का तुला?"

आडनाव माहीत होतं दारावरच्या पाटीमुळे. नाव कुठून माहीत असणार?

"सुते," त्या म्हणाल्या. आणि हाताने काहीतरी दूर भिरकावून दाखवलं. "टाकलेली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याआधी दोन मुली झाल्या होत्या. छान छान नावं ठेवली होती त्यांची. दोघीही गेल्या. म्हणून तिसरी झाली तेव्हा बापाने तिला धान्य पाखडायच्या सुपात घातलं, गावाच्या चौरस्त्यावर नेऊन ठेवलं, आणि मागे वळून न बघता निघून गेला. आधीच ठरवून ठेवलेली शेजारीण आली. 'अरेच्चा, इथे कुणीतरी पोर टाकलंय,' असं मोठ्याने म्हणाली, वरून झाडू फिरवला आणि सूप उचललं. संध्याकाळी तिने बाळ आणून आईला दिलं, की घ्या, मला सापडलंय, सांभाळाल का? नाव ठेवलं सुते. टाकलेल्या, झाडून काढलेल्या पोराकडे कशाला कोण बघतंय? पूर्वी गावोगाव असायच्या म्हणे सुते. मुलगा असेल तर सुतेकिची. पोर दणकट व्हावं म्हणून इशि, म्हणजे दगड. अस्वल, वाघ, बैल, अशीही नावं मुलींना ठेवायचे. ही नावं आता कुणी ठेवत नाही. आताची मुलं जगतात, त्या म्हणाल्या, म्हणून नावं सुंदर झाली.

मी ऐकतच राहिले. अगं बाई, हे तर आमच्याकडचंच! आमच्या आजोबांचे चुलते धोंडू होते, त्यांचे भाऊ केरू, आणि गावात एक उकिरडाबुवासुद्धा होते. लहानपणी आम्ही भावंडं त्या नावांना खदाखदा हसायचो. त्या प्रत्येक नावामागे एक बाई अशी बाकावर बसून रडलेली असणार, हे मला तोकियोत येऊन, पस्तिसाव्या वर्षी कळत होतं. इतकी लाज वाटली त्या हसण्याची.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात जे केलं ते निखिललाही सांगितलेलं नाही. पेटीच्या भोकाशी तोंड नेलं आणि मराठीत म्हणाले, "कुणाची ही? माझी नाही बाई. मी ओळखत नाही हिला." आजूबाजूला कुणी ऐकत असेल तर त्याने ऐकावं, म्हणून जरा मोठ्याने म्हणाले. "असेल कुणाची तरी. काळी, किडकिडीत. कुणाला हवीय?" सशाच्या चिठ्ठीवाली नर्स मागून आली, पडद्यावरच्या आकड्यांकडे बोट करून हसली. "बघा, आईचा आवाज ऐकून ठोके कसे शांत झाले. बोला ना आणखी."

चौदाव्या दिवशी सुतेसाननी आणि मी तोच चौरस्त्याचा विधी केला, बाळाऐवजी तिच्या जन्माचा कागद ठेवून. निखिल आधी म्हणाला, "तुला वेड लागलंय." मग जन्माच्या कागदावर सही केली, नावाची जागा कोरी ठेवली आणि ऑफिसला निघून गेला. सही त्याची असली तरी कागद वॉर्ड ऑफिसात कुणीही नेऊन दिला तरी चालतो. उचलेल त्याने नाव ठेवायचं, असं मीच ठरवलं होतं. म्हणजे नाव माझ्या तोंडून निघणार नव्हतं. सूप कुठलं मिळायला! नूडल्स निथळायची बांबूची चपटी टोपली होती, तीत कागद ठेवला, वर एक छोटा दगड. इमारतीसमोरच्या चौकात कोपऱ्यावर टोपली ठेवली आणि वळले. मागे बघायचं नाही, असं सुतेसाननी बजावलं होतं. त्या पलीकडून काठी टेकत येणार होत्या.

मी दहा पावलं गेले असेन आणि मागे टीं टीं टीं ऐकू आलं. गाडी मागे घेताना वाजते तसं. तो कोपरा म्हणजे कचऱ्याची जागा. आणि तो वार रद्दीचा! इतकी वर्षं सुतेसानची बोलणी खाऊन कुठल्या वारी काय टाकायचं ते मला पाठ झालं होतं, आणि नेमकं त्या दिवशी मी माझ्या मुलीचा कागद रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवून आले होते. ठरवणाऱ्या आम्ही दोघी, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही! गठ्ठे गाडीत पडल्याचे आवाज येत होते. एक. दोन. वळायचं नाही. वळलं तर सगळं फुकट. मी भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले आणि दातांत ओठ इतका धरला की रक्त आलं. मग सुतेसानचा आवाज आला, चिरका, फाटलेला, कसलीशी आरोळी. गठ्ठ्यांचे आवाज थांबले. कचरेवाला 'माफ करा, माफ करा' म्हणत होता. आणि मग झाडू फिरल्याचा आवाज आला, खर्र खर्र, अगदी सावकाश.

दुपारी त्या परत आल्या. नोंद झाली होती. हजार पिढ्या, असा अर्थ, त्या म्हणाल्या. चियो. मी निखिलला फोन केला. तो दोनदा म्हणून बघत होता, "चियो. चियो." मग म्हणाला, "छान आहे गं." जानेवारीत ती घरी आली आणि मी दिवसभर तेच म्हणत सुटले. चियो दूध प्यायली, चियो शिंकली, चियो हसली. आईनेसुद्धा सांगलीहून हाका मारल्या. ते वर्ष मला फार हवंसं वाटतं.

ते एक वर्षच. पुढच्या किन्मोकुसेईच्या दिवसांत मी तिला घेऊन सुतेसानकडे गेले होते. त्यांच्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या लाकडी पाट्या असतात, त्यातली एक अगदी लहान होती. मी सहज विचारलं, ही कुणाची? त्या चहा ओतत म्हणाल्या, "माझी मोठी बहीण. अकरा दिवस होती. चियो."

मी लेकीला उचललं आणि चहा न पिता घरी आले. मेलेल्या पोरीचं नाव! मी माझं बाळ विश्वासाने हिच्यापुढे ठेवलं, आणि हिने काय ठेवावं? मी विचारायला गेले नाही. धीरच झाला नाही. त्यांनी काही भयंकर सांगितलं असतं तर मी काय करणार होते? येता-जाता वाकायचे, हसायचे, लेकीला त्यांच्याकडे जाऊही द्यायचे, कारण तिचा जीव होता त्यांच्यावर. पण त्या दिवसापासून ते नाव माझ्या जिभेवरून गेलं. ताप आला की वाटायचं, मी मारली का चुकून हाक? निखिल खुशाल चियो चियो करायचा आणि मी प्रत्येक वेळी लेकीच्या कपाळाला हात लावून बघायचे. त्याला मी यातलं काही सांगितलं नाही. मराठीत एम. ए. झालेली बाई मी, लोकांना अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवणारी. कुणाला सांगणार?

तर यंदा, शुक्रवारी, मी कामावरून आले तेव्हा कागद टेबलावर नव्हता आणि लेकही नव्हती. ती कुठे गेली असेल ते मला कळलंच. चपला न बदलता खाली धावले. सुतेसान आता नव्वदीच्या आहेत, पलंगावर टेकून बसतात. लेक पायाशी मांडी घालून पेन्सिल सरसावून बसली होती. मी दारातच थिजले.

"मग ती बाळ मेली?" लेक विचारत होती.

"मेली."

"मग मीपण मरणार?"

"मरशील की," सुतेसान म्हणाल्या. "पण आधी माझ्याएवढी म्हातारी हो. फार वेळ लागतो त्याला." लेकीने ते लिहून घेतलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक सात वर्षं त्या मी विचारायची वाट बघत होत्या. "माझी आई मला हाक मारायची ना, तर तिच्या तोंडात आधी 'चि' यायचं," त्या म्हणाल्या. "मग ती ते गिळायची आणि 'सुते' म्हणायची. मरेपर्यंत. त्या चौकात मी येत होते तेव्हा माझ्या मनात दुसरंच नाव होतं. साधं, दगडाचं. पण त्या माणसाने टोपली उचलली, गाडीत टाकायला हात मागे नेला. मला काही धावता येत नव्हतं. मी ओरडले. 'थांबा' म्हणायचं होतं. तोंडातून 'चियो' आलं." त्यांनी लेकीकडे बघितलं. "आणि तो थांबला. ऐंशी वर्षं त्या नावाने कुणालाही थांबवलं नव्हतं. मग मी दुसरं काय लिहिणार?"

मी त्यांचे सुरकुतलेले हात धरले आणि ढसाढसा रडले. लेक म्हणाली, "आई, माझा कागद भिजेल."

शनिवारी वर्गात मागच्या भिंतीशी आम्ही सगळे पालक रांगेने उभे होतो. एकेक आई हाक मारत होती, गोड, हळू. माझी पाळी आली. कळणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. ती गेली नव्हती, आहे तिथेच होती. मी तोंड उघडलं, काहीच आलं नाही. बाईंनी कानामागे हात धरून हसून खूण केली, पुन्हा. लेकीने मागे वळून बघितलं. तिला वाटत होतं मी आता टाळ्याच वाजवणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

सांगलीत आमच्या गच्चीवरून आई आम्हाला जेवायला बोलवायची, तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल असं. तसाच आवाज निघाला माझा. "चियोऽऽऽ!" अख्खा वर्ग दचकला, मग हसला.

"हाय्!" ती म्हणाली. खुर्ची मागे सरकवून, कागद हातात घेऊन उठली. पुढे फळ्याकडे जायचं होतं, ते ती विसरली. उलट्या दिशेने, बाकांमधून वाट काढत, ती धावत माझ्याकडे आली.